नऊ रिकामी पाकिटं

पाकिटं तापीत सोडायची अक्कल हेमकांतची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे गावात जो तो आपापल्या सोयीनं सांगायला लागला, आणि सोयीचं सांगणारे आमच्या गावात काही कमी नाहीत.

पाकिटं म्हणजे गोळ्यांची रिकामी पाकिटं, मोजून नऊ. जसोदाबाईचा नवरा भाईदास दिवाळीपासून खाटेवर होता. रोग आधी लघवीच्या जागी होता, तिथून पाठीच्या मणक्यात उतरला. ज्या माणसानं चाळीस वर्षं केळीचे घड खांद्यावर वाहिले, त्याला आता कूस बदलायची तर दोघी बायका लागत, एक खांद्याला नि एक कमरेला. तरी तो असा ओरडे की ओसरीतली शेळी दावं ताणून उभी राही. पौषात नंदुरबारच्या एका दवाखान्यात ममता मॅडम म्हणून डॉक्टरीण भेटली. तिनं मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळी सहाला एक, दहाला एक, दुपारी दोनला एक, संध्याकाळी सहाला एक, आणि झोपताना दहाला दोन. तिसऱ्या दिवशी भाईदास भिंतीला टेकून बसला आणि सुनेला, कामिनीला म्हणाला, "कळणानी भाकर कर, ठेचासंगे." जसोदाबाई तेव्हा चुलीपुढे पदर तोंडात कोंबून रडली. पोटाला खडा होई, चार-चार दिवस साफ होत नसे, त्याचं वेगळं औषध पाजावं लागे. पण माणूस माणसासारखा बोलत होता, ते काय कमी होतं?

गोळी नशेची. दवाखान्यात ती दुहेरी कुलपात राही आणि एकेक गोळी वहीत चढे. पंधरा दिवसांच्या नव्वद गोळ्या, म्हणजे नऊ पाकिटं, एका खेपेला मिळत. पुढच्या खेपेला तीच नऊ रिकामी पाकिटं खिडकीत मोजून द्यायची, तेव्हा नवी नऊ हातात पडत. त्या दवाखान्याचा नियमच तसा होता. रिना सिस्टर, धडगावकडच्या पावरा आदिवासी घरची मुलगी, तिनं पहिल्याच दिवशी एक कापडी पिशवी दिली होती. "आजी, रिकामं पाकीट फेकायचं नाही. सोन्यासारखं जपा," असं तिनं दोनदा बजावलं होतं. जसोदाबाईनं पिशवी देवाच्या कोनाड्यात ठेवली. तीन खेपा झाल्या, एक पाकीट इकडचं तिकडे झालं नाही.

मग फाल्गुनातली अमावास्या आली आणि हेमकांत आला.

हेमकांत हा भाईदासचा धाकटा भाऊ. सासू गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि जसोदाबाई सतरा वर्षांची नवी नवरी. तिच्या मांडीवर निजूनच तो मोठा झाला. शहाद्याला बी.ए. केलं तेव्हा रोज पहाटे त्याचा डबा हिनं केला आणि भाईदासनं एसटीपर्यंत सायकलवर पोचवला. आता तो गावचा पोलीस पाटील होता. कुणाची म्हैस हरवली, कुणाचा बांध फुटला, की लोक आधी त्याच्या ओट्यावर येत. भावावर त्याचा जीव होता, हे नाकारून चालणार नाही. खाटेजवळ बसला की त्याचे डोळे भरून येत.

त्या दिवशी तो म्हसावदच्या बाजारातून एका भगताचा सल्ला घेऊन आला होता. रोग्याची नखं, अंगावरचं जुनं धोतर, रोग्यानं घेतलेल्या औषधाची टाकाऊ वस्तू, सगळं लाल फडक्यात नारळासोबत बांधायचं, त्याच्यावरून सात वेळा उतरायचं आणि अमावास्येला वाहत्या पाण्यात सोडायचं. रोग वस्तूला धरून असतो, वस्तू गेली की रोग जातो. आमच्याकडे हा उतारा जुना आहे. गोवराला करतात, गुरांच्या खुरांना करतात, भाईदासच्या बापालाही केला होता.

"भाभी, ती कोनाडामातली थैली दे," हेमकांत म्हणाला.

"ती नको रे. पाकिटं नेवो तवयच नव्या गोळ्या भेटतस."

"भगतनी तेच सांगेल शे ना, औषधनी वस्तू पाहिजे म्हनीसन. रिकामा पाकिटले कोण इचारस? आनि इचारं तर मी पोलीस पाटील बठेल शे ना. शिक्का मारीसन कागद लिखी देसू."

जसोदाबाई घुटमळली. तिचं मन सांगत होतं नको, आणि तिचीच आशा सांगत होती दे. गोळीनं दुखणं दबत होतं, रोग जात नव्हता, हे तिला काय कळत नव्हतं? रोग जावा असं तिला वाटत होतं. ते वाटणंच तिला नडलं. उरलेल्या गोळ्या तिनं डबीत काढल्या आणि स्वतःच्या हातानं नऊही पाकिटं थैलीसकट काढून दिली.

तापीला तेव्हा पाणी भरपूर, पण खाली बंधारा असल्यानं ते जागच्या जागी उभं होतं. गाठोडं सोडलं तर ते काठाशीच हेलकावे खात राहिलं. हेमकांतनं पँट गुडघ्यापर्यंत वर केली, पाण्यात शिरला आणि बाभळीच्या फांटीनं ते आत ढकललं. बराच वेळ नारळाची शेंडी दिसत होती, मग बुडाली. दोघांनी मागे न बघता घर गाठलं, कारण मागे बघायचं नसतं.

दोन दिवसांनी नवी खेप होती. जसोदाबाई सहाच्या गाडीनं निघाली. नंदुरबारला पोचून ती औषधाच्या खिडकीच्या रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर कार्ड पुढे केलं. आतल्या माणसानं कार्ड बघितलं आणि हात पुढे केला.

"पाकिटं?"

"पाकिटं नही शेतस भाऊ. नदीमा सोडी दिधात."

तो आधी हसला, मग हसायचा थांबला. "नदीत? कशाला? आजी, खरं सांगा, कुणाला विकली तर नाहीत ना गोळ्या?" हे त्यानं मोठ्यानं विचारलं. मागे वीस माणसं उभी होती. एका बाईनं आपलं पोर जवळ ओढलं. जसोदाबाई साठीची, उभ्या जन्मात कुणाच्या वावरातली काकडी तिनं न विचारता तोडली नव्हती. तिनं पदर कपाळावर ओढून घेतला. रिनानं ते बघितलं आणि तिला धरून आत डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

ममता मॅडमनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाली, "मावशी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण या कपाटाचा हिशोब मला द्यावा लागतो. गेल्याच महिन्यात तपासणी झाली. नऊ पाकिटं कुठे गेली ते कागदावर नसेल तर कपाटाला सील लागेल. त्या कपाटावर तुमच्यासारखी चाळीस घरं आहेत. मी काय करू, सांगा."

जसोदाबाईला चाळीस घरं दिसली नाहीत. तिला आपली एक खाट दिसत होती.

"तीन दिवसांच्या गोळ्या मी माझ्या सहीनं देते," मॅडम म्हणाली. "अठरा. तेवढ्यात तुमच्या पोलीस पाटलांचं पत्र आणा. माझ्यासमोर पाकिटं नष्ट झाली, एवढं लिहायचं, सही आणि शिक्का. ओळखता ना त्यांना?"

तेव्हा जसोदाबाईला हसूच आलं. सकाळपासूनचा सगळा भार त्या हसण्याबरोबर उतरला. "वळखस? मन्हा देर शे तो. मन्हा मांडीवर वाढेल शे."

"मग तर प्रश्नच मिटला," मॅडम म्हणाली.

तिसऱ्या प्रहरी ती गावात उतरली ती थेट हेमकांतच्या ओट्यावर. तो मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होता. त्यानं ऐकलं, मान डोलावली, म्हणाला, "करी देसू भाभी. शिक्का तहसीलमा दिधेल शे, नवा कराले. उद्या लई येस."

दुसऱ्या दिवशी शिक्का आला नाही. जसोदाबाई पहाटे उठून केळीत गेली. चैत लागला होता आणि वारा असा भाजत होता की पानं शिरेपासून फाटून चिंध्या झाली होती. घडाच्या झाडापाशी पिलं उगवतात, ती वेळेवर कापली नाहीत तर घड पोसत नाही. मुलगा योगेंद्र सुरतेच्या मिलात, मजूर मिळेनात, तेव्हा विळा तिनंच हातात घेतला होता. वाकून पिल्लू कापायचं, बुंधा टाचेनं दाबायचा, पुढे सरकायचं. चिकाचे काळे डाग लुगड्यावर पडत, ते निघत नाहीत. दहाच्या आत ती घरी परते, कारण दहाची गोळी. येताना एक कोवळं पान कापून आणी. पाठीखाली ते घातलं की भाईदासच्या जखमांना गार वाटे. तो डोळे मिटून म्हणे, "हां, आते बरं शे."

तिनं त्याला खरं सांगितलं होतं, अर्धं. पाकिटं नाहीत, कागद लागतो, हेमा लिहून देणार आहे.

"मंग काय चिंता?" भाईदास म्हणाला. "हेमा शे ना."

संध्याकाळी कामिनी दळण घेऊन आली ती धुसफुसत. "आत्याबाई, काका तहसीलमा कुठला गयथात? स्टँडवर चहा पी ऱ्हायंतात. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं." कामिनी बारावी शिकलेली, रागात आली की तिच्या बोलण्यात शाळेची भाषा शिरे.

"कामे राहतस त्याले," जसोदाबाई म्हणाली. पण दिव्याला वात लावताना तिच्या मनात काहीतरी खुपलं. तिनं कामिनीला सांगितलं की उद्यापासून दिवसाला चार गोळ्या द्यायच्या. रात्रीच्या दोन धरून अकरा उरल्या होत्या. भाईदासला विचारूनच ठरवलं. तो म्हणाला, "पुरवी पुरवी वापरा, मी सहन करसू." आणि त्यानं सहन केलंही, सकाळी अकरापर्यंत. मग तो उशीचं टोक दातात धरून पडला, आणि उशी फाटली.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. ते खोटं आहे. त्याच्या उशाशी जो बसतो त्यालाही कळतं, आणि उठून जाता येत नाही.

त्याच्या दुसऱ्या सकाळी जसोदाबाई पुन्हा हेमकांतच्या ओट्यावर गेली. आज ती उभीच राहिली. शिक्का टेबलावर होता, नवा, निळ्या डबीसकट. तिनं तो बघितला आणि त्यानं तिला बघताना बघितलं.

"बठ भाभी."

"कागद दे, मी जास. आठनी गाडी शे."

हेमकांतनं घरात बघितलं, बायको ऐकत नाही ना याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "भाभी, कागद मी नही लिखाव. मन्ही नूतनीकरणनी फाइल प्रांतसायबना टेबलवर शे, याच महिनामा. त्यामा नशाना गोळ्यास्ना कागद गया, मन्ही सही करेल, तर सायेब इचारी, पोलीस पाटील व्हईसन तू अमावसले उतारा काबरं करत व्हता? जादूटोणाना कायदा शे. नोकरी जाई मन्ही."

"पन तूच सांगेल व्हतं ना रे?"

"सांगेल व्हतं. थैली तं तूच काढीसन दिधी ना?"

जसोदाबाईनं ओट्याच्या खांबाला हात टेकला. याच खांबाभोवती तिनं त्याला खेळवलं होतं; वाटणीत पुढे हे घर त्याला गेलं. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तो पुढे बोलतच होता. "तू असं सांग, चुलामा जळी गयात. नही तं उंदीरस्नी कुरतडात. बाईमाणूस शे, कोण जास्त इचारत नही."

"मी खरं सांगी चुकनू त्यास्ले."

"काबरं सांगं?" तो चिडून म्हणाला. मग तिचा चेहरा बघून नरमला. "बरं, असं कर. डॉक्टरीणले सांग फोन कराले. तोंडी सांगी देस मी, मन्हासमोर सोडात म्हनीसन. तोंडी बोलाले काय जास? कागदवर नको फक्त. मन्ही शपथ."

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. जसोदाबाईनं तो घेतला आणि उभ्यानंच प्याली. नाही म्हणायचं तिला त्या वेळी सुचलं नाही, आणि त्या चहाची तिला पुढे फार चीड आली.

नंदुरबारला ममता मॅडमनं ते ऐकलं. "तोंडी चालत नाही खरं म्हणजे," ती म्हणाली. "पण बोलून तर बघू. ते हो म्हणाले तर मी तसं नोंदवून ठेवते, पत्र मागाहून." तिनं नंबर लावला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजावर ठेवला. रिना दाराशी उभी होती.

"नमस्कार, मी पोलीस पाटील बोलतोय."

जसोदाबाईला आधी वाटलं, नंबर दुसऱ्याच कुणाचा लागला. हा आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, कचेरीतला, इस्त्री केलेला.

मॅडमनं विचारलं की भाईदास यांच्या औषधांची रिकामी पाकिटं तुमच्यासमोर नदीत टाकली गेली, हे बरोबर आहे का.

"मॅडम, सदर बाबीची मला काही माहिती नाही. मी तिथे हजर नव्हतो. पाकिटांचं काय केलं ते सदर कुटुंबालाच विचारा."

"त्या म्हणतात तुम्ही स्वतः होता."

"बायका म्हणतात, मॅडम. मी शासनाचा माणूस आहे, मला असं बोलता येत नाही." फोनमधून वारा ऐकू येत होता. तो वावरात उभा असावा. मग त्याला न विचारताच तो म्हणाला, "परिसरात अशा गोळ्या इकडे तिकडे जातात असं कानावर येतं. लेखी तक्रार नाही अजून. तुम्ही तुमच्या पातळीवर काळजी घ्या."

मॅडमनं जसोदाबाईकडे बघितलं. मग फोनला विचारलं, "रुग्ण तुमचे कोण लागतात?"

"भावबंद आहेत," हेमकांत म्हणाला. "आमच्या गावात सगळेच भावबंद."

फोन बंद झाला. जसोदाबाई खुर्चीवर बसली होती ती तशीच राहिली. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. ज्याला चार वर्षांचा असताना तिनं हगवणीतून वाचवलं, आठ रात्री मांडीवर घेऊन बसली, तो तिला गोळ्या विकणारी म्हणाला. रिनानं पाणी आणलं, तिनं हातानं दूर केलं.

"आता मी घरी गोळ्या देऊ शकत नाही, मावशी," ममता मॅडम म्हणाली, आणि हे बोलताना ती टेबलाकडे बघत होती. "त्यांनी असं बोलल्यावर तर नाहीच. पण त्यांना इथे आणलंत, भरती केलंत, तर सिस्टर स्वतःच्या हातानं देतील. त्याला कुणाचं पत्र लागत नाही. आणा त्यांना."

"पाठ मोडी जाई त्यास्नी. पस्तीस किलोमीटर शे."

"माहीत आहे मला," मॅडम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या ईश्वरनं त्याचा केळीचा टेम्पो दिला. सकाळी सहाला उरलेली शेवटची गोळी दिली, टेम्पो सातला येणार होता, तो आला साडेदहाला, कारण कुणाचा तरी माल आधी भरायचा होता. तोवर गोळीचा जोर ओसरला. टेम्पोच्या फळ्यांवर कामिनीनं गवत पसरलं, गवतावर केळीची पानं, पानांवर दोन गोधड्या. मग खाट दारात आणली, आणि आमच्याकडची रीत आहे की कुणाची खाट दाराबाहेर निघाली की गल्ली गोळा होते. माणसं आली, बायका पदर ओढून उभ्या राहिल्या. कुणी विचारलं, "कशाले नेतस? गोळ्या व्हत्यात ना घरमा?" जसोदाबाई खाटेची दोरी बघायला वाकली.

आणि हेमकांत आला. पांढरा सदरा, पायात चप्पल नाही, भावासाठी अनवाणी. गर्दी बाजूला झाली. तो सरळ खाटेच्या डोक्याशी गेला आणि वाकला.

"हेमा, डोकाकडे तूच शे ना?" भाईदासनं डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

"हा भाऊ. मीच शे."

"मंग मी नही पडाव."

चौघांनी खाट उचलली. टेम्पोच्या फळीला खाटेचा खुरा अडकला, झटका बसला, आणि भाईदासच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून ईश्वरनं इंजिन बंद केलं. हेमकांत रडत होता. खरंच रडत होता, नाकातून पाणी येईपर्यंत. जसोदाबाई ते बघत राहिली. तिच्या मनात आलं, आता या सगळ्यांसमोर सांगून टाकावं, एकेक शब्द, त्याच कचेरीच्या आवाजात. गल्लीच्या गल्ली उभी आहे, यापेक्षा चांगला पंच कुठे मिळणार? पण खाली भाईदास होता, दात आवळून, आणि त्याच्या डोक्याखाली त्या भावाचा हात होता. तिनं ओठ मिटले.

हेमकांत चाकावर पाय देऊन वर चढला. "मी येस संगे."

"तू उतर," जसोदाबाई हळूच म्हणाली.

"काबरं भाभी?"

"तुले काही माहीत नही ना. मंग येवानं काम नही."

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग गर्दीकडे. "फाइलनं काम शे मन्हं आज," असं लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणून तो उतरला. बायकांनी मान डोलावली. बिचाऱ्याला किती कामं, तरी आला.

रस्ता कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल लागेपर्यंत भाईदास ओरडत होता, पुलानंतर ओरडायचाही थांबला. कामिनी घर आणि केळी सांभाळायला मागे राहिली होती. जसोदाबाईनं एकटीनं त्याची कंबर दोन्ही हातांनी धरून ठेवली, आणि प्रत्येक गतिरोधकाला ईश्वरला शिव्या दिल्या. ईश्वरनं त्या ऐकून घेतल्या.

दोन वाजता वॉर्डात रिनानं कपाट उघडलं, वहीत लिहिलं आणि गोळी भाईदासच्या जिभेवर ठेवली. "पुढची सहाला, आजी. आज मी दोन वॉर्डांना एकटी आहे. सहा वाजले की मला हाक मारा." अर्ध्या-पाऊण तासानं त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. त्यानं पाणी मागितलं. मग पेज मागितली. साडेतीनच्या सुमाराला तो जसोदाबाईकडे बघून हसलासुद्धा, आणि ती हरखली. आणलं ते बरं केलं, तिला वाटलं. बाकी गेलं तापीत.

चारला रिना भरतीचा कागद घेऊन आली. नाव, गाव, वय लिहून झालं. "बाबा, जवळचा नातेवाईक म्हणून कुणाचं नाव लिहू? काही लागलं तर कुणाला फोन करायचा?"

"मन्हा भाऊनं नाव लिखा," भाईदास म्हणाला. आवाज आता स्वच्छ होता. "पोऱ्या सुरतले शे. भाऊ गावमाच शे. हेमकांत. पोलीस पाटील शे तो."

रिनाचं पेन थांबलं. दाराशी उभं राहून तिनं तो फोन ऐकला होता. तिनं जसोदाबाईकडे बघितलं.

"त्यानं नाव नको," जसोदाबाई म्हणाली.

"काबरं?"

मग तिनं सांगितलं. उतारा कुणी सुचवला, थैली कुणी मागितली, फांटीनं गाठोडं कुणी ढकललं, शिक्का टेबलावर कसा होता, फोनवर तो काय म्हणाला. गोळ्या विकल्याचं बोलला, तेही सांगितलं. आवाज चढवला नाही. रिना मध्ये म्हणाली, "खरं आहे बाबा, मी होते तिथे." भाईदास छताकडे बघत ऐकत होता. सांगून झालं तेव्हा जसोदाबाईला हलकं वाटलं. आता तो हात पुढे करील असं तिला वाटलं.

"हेमा असं नही बोलाव," तो म्हणाला.

"मी मन्हा कानवरी ऐकेल शे."

"फोनमा काय ऐकू येस धड? पाकिटं कोन्ही काढीसन दिधात? तूच ना? तुन्ही चूक, आनि नाव त्यानं." दुखणं नव्हतं, म्हणून शब्द नीट लागत होते. "सकायले डोकाकडे कोण व्हतं? त्याले तू गाडीवरथीन उतारं, मी ऐकं ना. तो मन्हा रगतना शे जसोदा. तू मांगून उनी या घरमा."

रिनानं खाली मान घालून कागदावर हेमकांतचं नाव लिहिलं, नंबर लिहिला. रुग्णानं सांगितलेलं लिहावं लागतं. ती गेली. भाईदासनं डोळे मिटले आणि तो शांत निजला, गेल्या तीन दिवसांत निजला नव्हता तसा.

जसोदाबाई स्टुलावर बसून होती. त्रेचाळीस वर्षं झाली होती तिला येऊन. तिच्या बोटांना केळीचा चीक होता, तो ती नखानं खरवडत राहिली. समोरच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, कुठल्या गावच्या, तर तिनं सांगितलं नाही. खिडकीबाहेर ऊन उतरायला लागलं. हेमकांतनं तिला विकणारी म्हटलं, ते लागलं होतं. पण ते बाहेरचं लागणं होतं. नवऱ्याचं हे बोलणं आत लागलं, आणि याला कुणाचं पत्र, कुणाची सही चालणार नव्हती.

साडेपाचला भाईदास चुळबुळला. पावणेसहाला त्यानं खाटेची कड धरली. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले.

"जसोदा, कितला वाजनात?"

त्याची मान तिकडे वळत नव्हती, घड्याळ त्याला दिसत नव्हतं. तिला दिसत होतं.

"येळ शे आखो, सहा नही वाजनात," ती म्हणाली.

त्यानं बरं म्हटलं आणि दात आवळले. त्यानं तिच्यावर विश्वास ठेवला. ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली आणि काट्याकडे बघत राहिली. काटा एक, दोन, तीन मिनिटं सरकला. खाटेची कड करकरायला लागली. पाचव्या मिनिटाला तिलाच ते सोसेना, आणि ती रिनाला हाक मारायला उठली.